राज्यांची कर्जे केंद्राने घेणे : हॅमिल्टन बरोबर होता का? (तिघांची चर्चा; जमाखर्च, नांगरट आणि भट्टीवाला ही त्यांची टोपणनावे)

जमाखर्च : जानेवारी 1790 मध्ये अमेरिकेचा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने काँग्रेसपुढे (तिथल्या संसदेपुढे) हिशेब मांडला. परदेशी कर्ज सुमारे 1.17 कोटी डॉलर, देशांतर्गत 4.24 कोटी, शिवाय राज्यांची स्वातंत्र्ययुद्धातली कर्जे अंदाजे 2.5 कोटी. ही राज्यांची कर्जे केंद्राने घेतली, ते माझ्या मते योग्यच झाले. आयातीवरची जकात नव्या घटनेने राज्यांच्या हातून काढून घेतली होती. मग त्यांनी फेडायचे कशातून?

रचना बघा. राज्याच्या 9 डॉलरच्या जुन्या कर्जाच्या कागदाला केंद्राचे 4 डॉलरचे 6 टक्क्यांचे रोखे, 2 डॉलरचे 6 टक्क्यांचेच पण 1801 पासून व्याज सुरू होणारे, उरलेल्या 3 डॉलरचे 3 टक्क्यांचे. म्हणजे पहिली दहा वर्षे 9 डॉलरवर वर्षाला फक्त 33 सेंट व्याज, नंतर 45. मुद्दल शाबूत ठेवून खजिन्याला श्वास घ्यायला वेळ मिळाला.

नांगरट : मुद्दल शाबूत, पण कोणाचे? सैनिकांना पगाराऐवजी कागद मिळाले आणि अडीनडीला त्यांनी ते डॉलरमागे 20-25 सेंटांना विकले. सध्याच्या धारकाला बाजारातला सर्वोच्च भाव द्यावा, उरलेले मूळ धारकाला, असे काँग्रेसचा सदस्य जेम्स मॅडिसन याने सुचवले. फेब्रुवारीत ते 36 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. व्हर्जिनियाने आपले बरेच कर्ज फेडलेही होते. तिने मॅसॅच्युसेट्स आणि दक्षिण कॅरोलिनाचे प्रत्येकी 40 लाख का उचलायचे? 12 एप्रिलला सभागृहाने ही योजना 31-29 ने पाडली होती. राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी देण्याचा सौदा झाला, तेव्हा कुठे ती पार पडली.

जमाखर्च : व्हर्जिनियाचेही 35 लाखांचे कर्ज केंद्राने उचलले, तेही मोजा. सैनिकांवर अन्याय झाला, हे मलाही खुपते. पण कागद चार हातांतून फिरला असेल तर मधल्यांचे काय? आणि हस्तांतर करता येईल असे लिहून दिलेल्या कागदावर सरकारनेच मागाहून कात्री लावली, तर पुढचा रोखा पूर्ण भावाला कोण घेईल?

भट्टीवाला : खरी चूक कर्जात नाही, वसुलीत झाली. 1791 च्या दारूवरच्या अबकारी करात गावाकडच्या लहान भट्टीला क्षमतेच्या दर गॅलनमागे वर्षाला 60 सेंट लावले. पूर्वेकडच्या बारमाही भट्टी चालवणाऱ्या मोठ्या कारखानदाराला गॅलनमागे कर कमी पडे. पश्चिम पेनसिल्व्हेनियाचा शेतकरी सुगीनंतर काही आठवडेच भट्टी लावणार. घोड्यावर धान्य जाई 4 बुशेल (धान्याचे माप), पण व्हिस्की करून 24 बुशेलांचा माल डोंगरापार जाई. तिथे रोकड नव्हती, व्हिस्कीच चलन होती. कर मात्र रोखीत. वर खटल्याला फिलाडेल्फियाची वारी. 1794 मध्ये तिथले बंड मोडायला सुमारे 13,000 शिपाई पाठवावे लागले, त्याचे मूळ इथे आहे.

नांगरट : पटले. म्हणूनच राष्ट्राध्यक्ष जेफरसनने 1802 मध्ये अंतर्गत कर उठवले, आणि तरीही आठ वर्षांत कर्ज 8.3 कोटींवरून 5.7 कोटींवर आणले.

जमाखर्च : त्याच जेफरसनने 1803 मध्ये फ्रान्सकडून लुइझियाना प्रदेश दीड कोटीला घेतला, त्यातले 1.125 कोटी 6 टक्क्यांच्या रोख्यांनी. युरोपच्या पेढ्यांनी ते उचलले, कारण 1790 चा शब्द पाळला गेला होता.

नांगरट : शब्द पाळायला पैसा जकातीतून आला. 1793 पासून युरोप लढत होता, तटस्थ अमेरिकी जहाजांचा व्यापार वाढला, म्हणून जकात भरली. युरोपात शांतता असती तर 1801 नंतरचे ते 45 सेंट कुठून आणले असते, हे दाखवा.