‘सीआरआय’ला मराठीत काय म्हणावं? (खुलणे, दबणे, उतरणे)

डाळिंबी, इंदूर : घरच्या घरी महेश्वरी साड्या विकते, गिऱ्हाईक निम्मं मराठी. खोलीत एलईडी लावल्यापासून लाल साड्या खपत नाहीत. परवा एका बाईंनी डाळिंबी साडी ‘तपकिरीच आहे की हो’ म्हणून बाजूला सारली. त्यांच्या जाऊबाईंनी तीच ओट्यावर उन्हात नेली आणि तिथेच पसंत केली! दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय 80’ असं लिहिलंय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा (कलर रेंडरिंग इंडेक्स). चिठ्ठी लावायचीय, मराठीतच. मी ‘वर्ण-प्रस्तुती निर्देशांक’ केलं, तर सासूबाई म्हणाल्या, जातीचा दाखला आहे का गं हा?

वायरमनकाका : ताई, आधी आकडा कसा काढतात ते ऐका, शब्द मागून सुचेल. ठरावीक आठ रंगांचे नमुने असतात, सगळे जरा मवाळच. ते आपल्या दिव्यात कसे दिसतात आणि तेवढ्याच केल्विनच्या (उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारं माप) आदर्श उजेडात कसे, यातला फरक काढून सरासरी घ्यायची. फरक शून्य तर 100. पद्धत 1965 सालची, 1974 साली सुधारलेली. आदर्श उजेड 5000 केल्विनच्या खाली तापून उजळलेल्या काळ्या वस्तूचा धरतात आणि वर दिवसाचा. म्हणून आपला जुना पिवळा बल्ब जवळजवळ 100 काढतो आणि रस्त्यावरचा पिवळा सोडियम दिवा 25 च्या आसपास अडतो.

तुमची डाळिंबी अडकली नवव्या नमुन्यात. गडद लाल हा नववा, ‘आर-9’, आणि तो सरासरीत धरतच नाहीत. साध्या पांढऱ्या एलईडीत निळी चिप आणि वर पिवळं फॉस्फर (निळा उजेड पिऊन पिवळा देणारा लेप) असतं, त्यात लाल भाग तोकडा पडतो. त्यामुळे खोक्यावर 80 असूनही आर-9 शून्याजवळ, कधी शून्याच्याही खाली असतो. दिवा घेताना आर-9 विचारा.

मुक्काम बडोदे : मग ‘रंगनिष्ठा’ म्हणा.

छप्पनकर : निष्ठा माणसाची असते हो, दिव्याची कसली! ‘रंगसचोटी’ बघा. दुकानाच्या भिंतीवर शोभेल.

वायरमनकाका : सचोटी आवडली. ‘रंग निर्देशांक’ मात्र नको, तो ताऱ्यांच्या अभ्यासात आधीच वापरात आहे.

जुनी इंदूरकरीण : सचोटी ठीक, पण गिऱ्हाईक ‘साडी खुलते’ असं म्हणतं, त्याचं काय? खुलणं म्हणजे खरं दिसणं नव्हे. रंग आहे त्याहून उठून दिसला की आपण खुलला म्हणतो. सराफ्यातल्या दिव्यांखाली सोनं खुलतं ते असंच.

वायरमनकाका : वा आजी! हा भेद तंत्रातही आता वेगळा मोजतात. अमेरिकेतल्या प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेने 2015 साली ‘टीएम-30’ पद्धत आणली. त्यात आठाच्या जागी 99 नमुने आणि आकडे दोन. एक रंग किती खरा दिसतो त्याचा, तो 100 च्या वर जात नाही. दुसरा रंग किती भडक वा फिका होतो त्याचा, तो 100 ओलांडू शकतो. पहिला ‘सचोटी’, दुसरा ‘खुलावट’. सीआरआयमध्ये खुलणाराही दिवा गुण गमावतो, कारण तिथे फरक म्हणजे फरकच.

डाळिंबी, इंदूर : आणि माझी गिऱ्हाइकं म्हणतात ‘रंग उतरलाय’. त्यानं माझं नाव खराब होतं!

जुनी इंदूरकरीण : उतरणं, विटणं हा कापडाचा दोष, रंगाऱ्याचा. दिव्यानं होतं ते ‘दबणं’. ओट्यावर नेलं की दबलेला रंग परत येतो, उतरलेला येत नाही. एवढा फरक मराठीत आहे, वापरा की.

छप्पनकर : आणि दुकानात जुळलेलं ब्लाउज बाहेर वेगळंच दिसतं, ते?

वायरमनकाका : तो निराळा घोळ. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे असले तर एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फुटतात. दिवा सचोटीचा असला तरी दुकानात आणि घरात उजेड वेगळा, म्हणजे फुटायचंच.

मुक्काम बडोदे : ‘जोडी फुटणे’ म्हणा.

डाळिंबी, इंदूर : चिठ्ठी लिहिली : ‘रंग उतरलेला नाही, दिव्यानं दबलाय. ओट्यावर नेऊन बघा.’ सासूबाईंनी खाली लिहिलं : ‘आणि परत आणून द्या.’