नर्सिंग, आयईएलटीएस आणि माझा ‘व’

मिरजेची_सिस्टर:
बीएस्सी नर्सिंग इंग्रजीतून, मग ११ वर्षं आयसीयू. नोट्स, हँडओव्हर, सगळं इंग्रजीत. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणाऱ्या एनएमसीला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ लागतात, रायटिंगला ६.५. मी दुसऱ्यांदा रायटिंगच्या ६ वर अडकले. स्पीकिंगला ‘व्हेन’ (vein, म्हणजे शीर) म्हणाले तर परीक्षक बाई दोनदा ‘सॉरी?’ म्हणाल्या. शेवटी मनगटावरची शीर दाखवली. इंग्रजीत ‘v’ आणि ‘w’ वेगळे, आपला ‘व’ एकच, आता काय करू? अमेरिका-कॅनडात शिकलेल्या नर्सला ही परीक्षाच नाही म्हणे. माझी पुस्तकं काय जर्मनमध्ये होती? हा रंग बघून केलेला भेद आहे, की मीच चिडून बोलतेय?

खवचट_काका:
सिस्टर, चिडा, पण त्या सवलतीच्या यादीत जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोसही आहेत. नुसती गोऱ्यांची यादी नाही ती. देशात बहुसंख्य लोक इंग्रजी बोलतात का, एवढंच बघतात.

भाषावाली:
काका, पण नर्स शिकते कॉलेजात, बहुसंख्यांच्या घरात नाही! आणि कानही तितके भोळे नसतात. १९९२ मध्ये डोनाल्ड रुबिन यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना एकाच बाईच्या आवाजातलं व्याख्यान ऐकवलं. काहींपुढे गोऱ्या बाईचा फोटो, काहींपुढे आशियाई चेहऱ्याचा. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना त्याच आवाजात परके उच्चार ऐकू आले. मात्र सिस्टर, तुमचं घोडं रायटिंगला अडलंय, तिथे चेहरा दिसत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे: ४० मिनिटांत भलत्याच विषयावर २५० शब्दांचा निबंध, त्याचा आयसीयूशी काय संबंध?

लेस्टरची_मावशी:
अगं, ओईटी दे, दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. मी तीच दिली. रायटिंगला केस नोट्सवरून पत्र लिहायचं, बहुतेकदा रेफरलचं. एनएमसीला त्यात सी प्लस चालतो. फक्त ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहू नकोस! २०२३ पासून आणखी एक वाट आहे: इंग्रजीतून शिकलेल्या नर्सने इथे ब्रिटनमध्ये वर्षभर केअरर वगैरे म्हणून काम केलं तर तिला इंग्रजी येतं अशी तिथल्या साहेबाची लेखी साक्ष चालते. म्हणजे आयसीयूवालीने आधी केअर होममध्ये आजोबांना चमच्याने भरवायचं. मी तेही केलंय, आजोबा गोड होते, पण पगार बघून रडू यायचं.

मिरजेची_सिस्टर:
मावशी, ओईटीची तारीख बघते. काल नाइटला आठ नंबरच्या आजींना तिघींनी टोचून झालं, शीर सापडेना. मला बोलावलं. पहिल्या झटक्यात लागली, आजींनी ‘सॉरी?’ विचारलं नाही.