मदत हवी आहे : फ्रान्समधील आर्थिक योजना आणि नगररचना यांचा परस्परसंबंध

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रेंच नियोजनाचा मी अभ्यास करीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

झाँ मोने यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नियोजन आयोगाने कोळसा, वीज, पोलाद, सिमेंट, शेतीची यंत्रे आणि वाहतूक यांना अग्रक्रम दिला. उद्योजक, कामगार संघटना आणि सरकारी अधिकारी यांना एकत्र बसवून, सक्तीऐवजी सहमतीने उद्दिष्टे ठरवण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. मात्र त्या आराखड्यात शहरांचा विचार दुय्यमच होता.

पुढे १९६३ मध्ये प्रादेशिक विकासासाठी ‘दातार’ ही स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली आणि पॅरिसचा भार हलका व्हावा म्हणून ल्यों, मार्सेय, तुलूझ, बोर्दो यांसह आठ नागरी केंद्रांना बळ देण्याचे ठरले. परंतु लगेच १९६५ मध्ये सरकारने पॅरिस परिसराच्या नियोजनासाठी नेमलेले अधिकारी पॉल दलूव्रिए यांच्या आराखड्याने पॅरिस परिसराची लोकसंख्या शतकाअखेर १ कोटी ४० लाखांपर्यंत जाईल असे गृहीत धरून सेर्जी-पाँत्वाझ, एव्री यांसारखी नवी शहरे सुचवली.

एकाच राज्यसंस्थेने, जवळजवळ एकाच वेळी, राजधानीबाहेर विकास नेण्याचे आणि राजधानीच्या विस्ताराचे असे दोन्ही निर्णय कसे घेतले? निधीवाटपात प्रत्यक्ष झुकते माप कोणाला मिळाले, आणि १९८२ च्या विकेंद्रीकरण कायद्यानंतर हा ताण सुटला का? यावर मराठीत किंवा इंग्रजीत विश्वासार्ह वाचन कृपया सुचवावे. मला फ्रेंच जेमतेमच वाचता येते.