मदत हवी आहे : पुतणीच्या मागे मुलं लागतात (सातारा)

माझी पुतणी नववीत आहे. राजवाड्याजवळचा क्लास सुटला की दोन मुलं गाडीवरून पोवई नाक्यापर्यंत तिच्या मागे येतात, "नंबर दे" म्हणतात. परवा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतच घरात आली, जेवलीही नाही. "क्लास बंद करू नका काकू," एवढंच म्हणाली. चूक तिची नाहीच, मग क्लास का बंद?

११२ (पोलीस मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे नंबर तिला पाठ आहेत. लैंगिक हेतूनं मुलीचा वारंवार पाठलाग करणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यात गुन्हा आहे, हेही सांगितलं. पण भर रस्त्यात तोंडातून शब्दच फुटत नाही तिच्या. मोठ्यानं "मागे येऊ नको" म्हणायचा सराव घरी कसा घ्यावा? पोलिसांच्या निर्भया पथकाकडे कुणी गेलंय का? आणि भाऊजींना, म्हणजे तिच्या वडिलांना, कसं सांगू? ते आधी क्लासच बंद करतील.