आत्महत्येवरचं नाटक: तो क्षण पडद्यावर दाखवायचा की नाही?

नेपथ्य_नाशिक:
आमचा हौशी ग्रुप आहे, यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी एका मुलाच्या आत्महत्येवर नाटक बसवतोय. तो मुलगा स्टेजवर नाहीच, त्याच्यामागे राहिलेली आई, बहीण आणि रूममेट आहेत. मागे प्रोजेक्शन, त्याचे जुने व्हॉइस नोट, चॅट असं सगळं वापरायचंय. आता ग्रुपमध्ये वाद लागलाय, निम्मे म्हणतात शेवटी तो क्षण व्हिडिओत दाखवू, चिठ्ठी वाचू, नाहीतर प्रेक्षक हलणार नाही. मला अजिबात पटत नाहीये. काय करावं?

मानसी_समुपदेशक:
दाखवू नका, प्लीज. प्रेक्षकांत कोणीतरी त्याच विचारांत असतं आणि कसं केलं हे बघून त्या माणसाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये खास सिनेमा आणि रंगभूमीवाल्यांसाठी यावर पुस्तिका काढलीय, ती सगळ्यांना वाचायला द्या. उलटही होतं बरं का, मोझार्टच्या ऑपेरातला पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं त्याला थांबवतात, त्यावरूनच सावरलेल्या माणसांच्या गोष्टींनी जीव वाचू शकतात या परिणामाला ‘पापागेनो इफेक्ट’ म्हणतात. तुमच्या रूममेटला कोणाशी तरी बोलताना दाखवा ना!

वऱ्हाडी_माणूस:
आमच्याकडं ‘तेरवं’ नावाचं नाटक झालं, श्याम पेठकरांचं लेखन, हरीश इथापेंचं दिग्दर्शन आणि काम करणाऱ्यांत आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या खऱ्याखुऱ्या बायका. त्यातल्याच वैशाली येडेंनी 2019 ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. नवरा गेला की त्या बाईच्या मागं काय लागते पाहा, तलाठी, पंचनामा, सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, मग सरकारी मदतीची फाईल ‘पात्र’ की ‘अपात्र’. पात्र ठरली तर एक लाख, त्यातले 30 हजार हातात आन् 70 हजार डिपॉझिटमधे. बिनपरवाना सावकाराचंच कर्ज असलं तर बहुतेक अपात्रच. तुमच्या पडद्यावर असा एखादा कागद मोठा करून दाखवा, बाई खाली उभी राहून सही करते एवढंच, हलत नाही तो प्रेक्षक कसा ते मी पाहतो.

प्रकाशयोजना:
टेक्निकलचं सांगतो. त्या मुलाचा चेहरा फुल स्क्रीनवर आणू नका, तो लगेच हिरो होतो आणि समोरची आई छोटी दिसायला लागते. व्हॉइस नोटही साधे ठेवा, ‘आई, डबा पाठव’ टाइप, आणि ते आईच्या हातातल्या मोबाईलमधूनच वाजू द्या, हॉलच्या स्पीकरवरून नको. चिठ्ठी तर पूर्ण काढाच, चिठ्ठीने सगळं एका कारणावर येतं आणि खऱ्यात एकच कारण कधी नसतं. अजून एक, विषय काय आहे ते तिकिटावरच छापा म्हणजे ज्याला नको तो येणार नाही.

मानसी_समुपदेशक:
आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा अनाउन्स करा, फ्री आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. प्रयोगानंतर एखादा समुपदेशक बाहेर थांबवा. तालमीतल्या मुलांशीही बोला, रोज तेच सीन करून त्यांनाही जड जातं.