अण्णा डायलिसिसवर आहेत, पण दोन पाळ्यांमध्ये साडेतीन किलो वजन वाढतंय. पाणी कसं आवरावं?

लातूरकर: अण्णांचं आठवड्याला तीनदा, चार-चार तास डायलिसिस. ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) ५२ किलो, लघवी दिवसाला जेमतेम २०० मिली. डॉक्टरांनी ७०० मिली पाणी सांगितलंय. तिसऱ्या तासाला बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. या उन्हात तहान कशी भागवायची?

मांजराकाठ: आधी हिशोब बघा. किलोमागे तासाला १३ मिलीच्या वर पाणी ओढू नये असं धरतात. ५२ × १३ × ४ म्हणजे २.७ लिटर. साडेतीन किलो वाढ म्हणजे तुम्ही साडेतीन लिटर ओढायला लावताय. मशीन रक्तातलं पाणी काढतं, पण अंगातलं पाणी तितक्या वेगानं रक्तात उतरत नाही, मग बीपी पडणारच.

पाण्याआधी मीठ धरा. सलाईनच्या लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. तेवढं मीठ पोटात गेलं की अंग लिटरभर पाणी मागणारच, कितीही समजवा. दिवसाचं मीठ चहाच्या सपाट चमच्याएवढं, म्हणजे ५ ग्रॅम, सकाळीच वाटीत काढून ठेवा. ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतं ही आपली सोय. घात करतात ठेचा, लोणचं, पापड अन् खारे शेंगदाणे.

७०० मिलीची बाटली भरा. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका. ताक, वरण, बर्फालाही तोच नियम. येसर आमटीत भाकर कुस्करली की वाटीमागे १५० मिली गेलंच. गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर द्या. तोंड सुकलं तर चूळ भरून थुंकायची.

सिंदफणा: मीठ कमी म्हणून लो सोडियम मीठ आणू नका हो! त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं. पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, थेट जिवावर बेततं. शहाळ्याचंही तेच, उन्हाळ्यात भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा तेच घेऊन येतो.

लातूरकर: डायलिसिसच्या दिवशी सकाळी बीपीची गोळी घेऊन जातात. मशीनवर असताना डबाही खातात.

मांजराकाठ: दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी नंतर घ्यायची का ते त्यांनीच ठरवावं, परस्पर बंद करू नका. पोटभर जेवलं की रक्त आतड्यांकडे वळतं, बीपी आणखी उतरतं. भूक सुधारून अंग भरलं असेल तर ड्राय वेटही नव्यानं ठरवायला सांगा, नाहीतर ५२ वर आणताना गोळे येतच राहतील.

सिंदफणा: बीपी पडलं त्या दिवशी फिस्टुलावर (डायलिसिसच्या सुया टोचायला हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) बोटं ठेवून थरथर लागते का बघा. एरवीही सकाळ-संध्याकाळ बघा. थरथर थांबली असेल तर आत गुठळी झालेली असू शकते. पुढच्या पाळीची वाट बघू नका, त्याच दिवशी सेंटर गाठा.