मदत हवी आहे: टाच दुखत असताना इमॅजिकाचे दोन दिवस कसे निभवावेत?

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या टिळकवाडीची, वय 46. दिवाळीच्या सुट्टीत भावाची नि माझी मुलं घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचंय. बुकिंग झालंय आणि माझी उजवी टाच तीन महिने दुखतेय.

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकलं की खिळा रुतल्यासारखं होतं, भिंत धरूनच मोरीपर्यंत जाते. दहा-बारा पावलांनी सैल पडतं. बसून उठलं की पुन्हा तेच. डॉक्टर प्लांटर फॅसायटिस म्हणाले, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावलाय. उठण्याआधी चवड्याला टॉवेल अडकवून ओढते, पोटरीला ताण देते, रात्री बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवते. घरात एमसीआर (मऊ रबरी तळाची) चप्पल आहेच. फरक पडलाय, पण गणपत गल्लीत अर्धा तास बाजार केला तरी टाच ठणकते. मला चालण्यापेक्षा उभं राहणंच जास्त भोवतं, आणि तिथे तर राइडच्या रांगा!

कुणी असं दुखणं घेऊन गेलंय का? दिवसभर एमसीआर चप्पल बरी, की बुटात सिलिकॉनचा हील कप? नवे बूट घ्यायचे तर किती दिवस आधी पायात रुळवावेत? वॉटर पार्कच्या ओल्या फरशीवर अनवाणी चालायचीच भीती वाटते, तिथे काय केलंत? वेदनाशामक गोळीचं मी डॉक्टरांनाच विचारेन, तुम्ही फक्त स्वतःचा अनुभव सांगा. धाकट्या भाचीला मी सोबत हवीय, म्हणून घरी थांबायचं मनातही नाही.